जामीन कोण राहणार?

परदेशात डॉक्टरकी करायची तर काय करावे लागते, असे विचारले की आपल्याकडे लोक परीक्षांची नावे सांगतात. इंग्लंडला जायचे तर प्लॅब, अमेरिकेला जायचे तर यूएसएमएलई. पोरगे हुशार असेल, रात्र रात्र जागणारे असेल, तर परीक्षा ते काढेलच असा घरच्यांना भरवसा असतो आणि तो बहुधा खराही ठरतो. अडते ते त्यानंतर. परीक्षा झाली, नोंदणी झाली, परवाना हातात आला, की असा एक प्रश्न समोर येतो ज्याची तयारी कुठल्याच क्लासमध्ये करून घेत नाहीत : 'तुम्ही याआधी आमच्या देशात कुठे काम केले आहे?' केले नसेल तर काम मिळत नाही, आणि काम मिळाल्याखेरीज ते केले असे सांगता येत नाही.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे कोडे नवे वाटत नाही. पत नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज घेऊन फेडल्याशिवाय पत नाही. बँकांनी त्यावर फार जुना तोडगा काढून ठेवला आहे. तो म्हणजे जामीनदार. तुम्हाला आम्ही ओळखत नाही. पण ज्याला आम्ही ओळखतो असा कोणी तुमच्यासाठी सही करायला तयार आहे का? परदेशातल्या 'क्लिनिकल अनुभवा'चा सगळा मामला मुळात या सहीचा आहे, असे माझे मत आहे. वैद्यकीय ज्ञानाचा त्यात वाटा आहे, पण आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी.

इंग्लंडचेच उदाहरण घेऊ. भारतात एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरला आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आयईएलटीएस दिली तर एकूण साडेसात बँड हवे, आणि वाचन, लेखन, श्रवण, संभाषण यांपैकी कशातही सातच्या खाली उतरायचे नाही. मग प्लॅबचा पहिला भाग, लेखी, तो भारतातही देता येतो. दुसरा भाग द्यायला मँचेस्टरला जावे लागते. तिथे १६ खोल्या असतात, प्रत्येक खोलीत ८ मिनिटे. कुठे छातीत दुखणारा रुग्ण, कुठे मुलाच्या तापाने धास्तावलेली आई, कुठे वाईट बातमी ऐकायला बसलेला नवरा. रुग्ण म्हणजे अर्थात शिकवून तयार केलेले नट. दोन्ही भागांची फी मिळून हजार पौंडांच्या वर जाते. विमान, व्हिसा, राहणे, मँचेस्टरच्या तयारीचे वर्ग हे सगळे वेगळे. इतके करून जनरल मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव लागले म्हणजे कायद्याने तुम्ही डॉक्टर झालात. नोकरी मात्र कौन्सिल देत नाही, रुग्णालय देते; आणि रुग्णालय ब्रिटनमधला अनुभव आणि ब्रिटनमधल्या वरिष्ठाचे शिफारसपत्र विचारते.

या दोहोंच्या मधल्या खिंडीत जी पायवाट आहे तिला तिकडे 'क्लिनिकल अटॅचमेंट' म्हणतात. दोन, चार, सहा आठवडे एखाद्या कन्सल्टंटच्या मागे उभे राहायचे. पगार नाही. रुग्णावर उपचार करायचे नाहीत, नुसते पाहायचे. प्रवासी व्हिसावर हे करता येते ते याच अटीवर.

आमच्या शाखेत माझ्याबरोबर असलेल्या एका मित्राच्या मुलीने २०२२ मध्ये ही पायवाट तुडवली. तिचे नाव इथे देत नाही. शिक्षण आपल्याच एका सरकारी कॉलेजात. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण रुग्णालयातल्या रात्रपाळ्या तिने एकटीने काढलेल्या. बाळंतपणे, सर्पदंश, उसाच्या ट्रॉलीखाली आलेले पाय. उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात सहा आठवड्यांची जागा मिळवायला तिला शंभराच्या वर ई-मेल पाठवाव्या लागल्या. बहुतेकांचे उत्तर आलेच नाही. शेवटी एके ठिकाणी होकार मिळाला, तोही आठवड्याच्या हिशेबाने शुल्क भरण्याच्या बोलीवर. आईने नवा एप्रन इस्त्री करून बॅगेत घातला होता. तो तसाच घडीचा परत आला. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतून डॉक्टरांचा पांढरा कोट २००८ च्या सुमारासच हद्दपार झालेला आहे. कोपराच्या खाली काही असता कामा नये. बाही नाही, घड्याळ नाही. हातांवाटे जंतू जाऊ नयेत म्हणून. पहिल्याच दिवशी एका नर्सने तिला हसत हसत घड्याळ काढायला लावले.

'काका, मी सहा आठवडे नुसती उभी होते,' असे ती मला म्हणाली. 'एका आजोबांच्या हाताला सुई लागत नव्हती. तिथला ज्युनिअर तिसऱ्यांदा टोचत होता. मला शीर दिसत होती. पण मी हात लावायचा नाही, म्हणजे नाही.'

हा अपमान आहे की शहाणपण? दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. या अटीचा आपल्याकडे सरसकट राग केला जातो. 'आमच्या पोरांनी तिथल्या डॉक्टरांच्या दसपट पेशंट पाहिलेले असतात,' हे वाक्य मी लग्नसमारंभातून कितीदा तरी ऐकले आहे. ते खरे आहे. पण त्या मुलीनेच मला पुढे जे सांगितले तेही खरे आहे. पहिल्या आठवड्यात तिने कन्सल्टंटला खुर्ची ओढून एका ८६ वर्षांच्या बाईंजवळ बसताना पाहिले. त्यांनी आधी स्वतःचे नाव सांगितले, बाईंना काय म्हणून हाक मारलेली आवडेल ते विचारले, आणि मग अगदी शांतपणे विचारले की तुमचे हृदय थांबले तर ते पुन्हा सुरू करण्यासाठी आम्ही छाती दाबावी असे तुम्हाला वाटते का. बाई म्हणाल्या, नको. संभाषण संपले, कागद भरला गेला. त्यांचा मुलगा संध्याकाळी आला तेव्हा त्याला आईनेच सांगितले. आपल्याकडे हे बोलणे बाहेरच्या व्हरांड्यात, मुलाशी, दबक्या आवाजात झाले असते आणि आतल्या म्हातारीला 'सगळं ठीक आहे आजी' असे सांगितले गेले असते. यात कोण बरोबर, हा वाद इथे नको. पण ज्या डॉक्टरने आयुष्यभर व्हरांड्यात बोलायची सवय लावून घेतली आहे, त्याला खुर्ची ओढून बसायला शिकावे लागते, आणि ते पुस्तकात वाचून येत नाही.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. औषधाचे कंपनीने दिलेले नाव लिहायचे नाही, मूळ नाव लिहायचे. आपल्याकडे जिभेवर बसलेली अर्धी नावे तिथे कोणाला कळत नाहीत. रुग्ण बरा झाला म्हणजे घरी गेला असे नाही. घरात जिना आहे का, तो त्याला चढता येईल का, सकाळी कपडे चढवायला कोण येणार, याचा निर्णय होईपर्यंत तो खाटेवरच राहतो, आणि त्या चर्चेत सोशल वर्करचा शब्द डॉक्टरइतकाच चालतो. आणि भाषा! साडेसात बँड मिळवलेल्या या मुलीला एका आजोबांनी 'वॉटरवर्क्स'ची तक्रार सांगितली, तेव्हा घरचा नळ बिघडला असावा अशी तिची समजूत झाली. त्यांना लघवीचा त्रास होता. छातीत दुखण्याची निरनिराळी वर्णने, लाजून वापरलेले शब्द, 'तसा मी ठीक आहे' याचा खरा अर्थ, हे सगळे त्या त्या गावचे असते. कोल्हापूरच्या डॉक्टरला गडचिरोलीत नेऊन बसवा, त्यालाही महिनाभर हेच होईल.

तेव्हा अनुभव हवाच, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तो मिळवण्याच्या रीतीबद्दल. सहा आठवडे मागे उभे राहिलेल्या माणसाबद्दल कन्सल्टंट काय लिहिणार? वेळेवर येतो, नम्र आहे, शिकण्याची उत्सुकता आहे. याहून अधिक त्याने पाहिलेलेच नसते, कारण पाहण्याजोगे काही करायची परवानगी नसते. म्हणजे ज्याच्या कामाचा अनुभव घेता येत नाही अशा माणसाच्या कामाबद्दल सही मागितली जाते. त्यात या जागांचे पैसे घेतले जाऊ लागले. इंग्लंडात हे शुल्क त्या मानाने माफक असते. अमेरिकेत मध्यस्थ मंडळी चार आठवड्यांच्या 'ऑब्झर्व्हरशिप'साठी हजारांत डॉलर मोजून घेतात. बँकेत आम्हाला शिकवले होते की पैसे घेऊन जामीन राहणाऱ्याची सही घ्यायची नाही, ती पाण्यावर केलेली सही. तिकडच्या नेमणूक करणाऱ्यांनाही हे कळते. म्हणून पैसे देऊन मिळवलेल्या शिफारसीचे वजन हळूहळू घटते, आणि मग उमेदवार आणखी एक अटॅचमेंट करतो.

हा खर्च कोठून येतो? शैक्षणिक कर्जाच्या फायली मी पुष्कळ हाताळल्या. कॉलेजचे प्रवेशपत्र असते, फीचा तक्ता असतो, अभ्यासक्रम संपण्याची तारीख असते. त्यावर कर्ज बसवता येते. अटॅचमेंटला यातले काहीच नसते. ना अभ्यासक्रम, ना पगार, ना पुढच्या नोकरीची हमी. कुठल्या सदराखाली कर्ज द्यायचे? म्हणून हा पैसा घरातून येतो. मुदत ठेव मोडली जाते, सोने गहाण पडते, धाकट्याचे शिक्षण वर्षभर पुढे जाते. कुठल्याही आकडेवारीत हे येत नाही.

वॉर्डात पाऊल टाकू देणारा कोणी तरी लागतो, ही गोष्ट आजची नाही. आपल्या रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. ते महाविद्यालय १८७४ मध्ये निघाले होते, पण पहिली काही वर्षे तिथल्या विद्यार्थिनींना लंडनमधले एकही मोठे रुग्णालय दारात उभे करीत नव्हते. पुस्तके होती, शिक्षक होते, खाटा नव्हत्या. १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलने दार उघडले तेव्हा कुठे त्या शिक्षणाला अर्थ आला. ते उघडले नसते तर पुढे सुरत आणि राजकोटला रखमाबाईंनी जे काम केले ते घडले असते की नाही, कोणास ठाऊक.

दार उघडण्यामागे औदार्य क्वचित असते. बहुधा निकड असते. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली. १९५७ मध्ये विलिंक समितीने देशात डॉक्टर जास्त होतील असे भाकीत करून वैद्यकीय प्रवेश कमी करायला सांगितले. ते भाकीत साफ चुकले. साठच्या दशकात तिथली रुग्णालये भारत-पाकिस्तानातून आलेल्या तरुण डॉक्टरांच्या रात्रपाळ्यांवर चालत होती. १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध आग ओकणारे ईनॉक पॉवेल १९६० ते ६३ या काळात आरोग्यमंत्री होते, आणि त्यांच्याही कारकिर्दीत ती तशीच चालत होती. आपल्या पदव्यांना तेव्हा सरळ मान्यता होती. पण मान्यता असूनही हव्या त्या विभागात जागा मिळत नसे. शल्यचिकित्सक व्हायला गेलेल्यांना वृद्धांच्या विभागात, मनोरुग्णांच्या विभागात, किंवा वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांतल्या दवाखान्यांत जागा मिळाल्या, कारण तिथे गोरे डॉक्टर जायला तयार नव्हते. ज्युलियन सिम्प्सन या इतिहासकाराने २०१८ मध्ये दक्षिण आशियातून गेलेल्या या फॅमिली डॉक्टरांवर एक ग्रंथच लिहिला आणि त्यांना त्या आरोग्यसेवेचे शिल्पकार म्हटले. वृद्धांचे वैद्यक ही तिकडे आज मोठी प्रतिष्ठित शाखा आहे. तिच्या उभारणीत आपल्या लोकांचा घाम आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते.

१९७५ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली आणि परीक्षा आणली. तीच पुढे प्लॅब झाली. परीक्षा योग्यच होती असे मी म्हणेन. कॉलेजे वाढत होती आणि सगळ्यांचा दर्जा सारखा नव्हता. मात्र परीक्षा पास होणाऱ्यांची संख्या आणि रुग्णालयांतल्या रिकाम्या जागा यांची सांगड घालण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत लंडनच्या ईस्ट हॅम भागात प्लॅब झालेले शेकडो भारतीय डॉक्टर एकेका खोलीत पाच-सहाजण दाटीने राहत आणि दुपारी देवळात प्रसादाचे जेवण जेवत. परवाना खिशात, नोकरी नाही. एप्रिल २००६ मध्ये सरकारने नियमच बदलला. प्रशिक्षणाच्या जागांसाठी तोवर वर्क परमिट लागत नसे, ते लागू लागले. ज्यांनी कर्ज काढून तिकीट घेतले होते त्यांना विचारले कोणी? भारतीय वंशाच्या डॉक्टरांची तिथली संघटना, बापिओ, न्यायालयात गेली. आधीच कुशल स्थलांतरित म्हणून परवानगी मिळालेल्या डॉक्टरांना मागे टाकणारी आरोग्य खात्याची सूचना बेकायदा होती, असा निकाल एप्रिल २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. निकाल लागेपर्यंत कितीतरी जण बॅगा भरून परतले होते.

मग पुन्हा टंचाई. ऑक्टोबर २०१९ मध्ये सगळेच डॉक्टर टंचाईच्या यादीत आले आणि परदेशी पदवीधरांना प्रशिक्षणाच्या जागांसाठी पहिल्याच फेरीत अर्ज करण्याचा मार्ग खुला झाला. लोंढा लागला. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये नव्याने नोंदणी झालेल्या तीन डॉक्टरांपैकी दोन बाहेर शिकलेले होते. प्रशिक्षणाच्या जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. २०२५ मध्ये सुमारे दहा हजार जागांसाठी तीस हजारांहून अधिक डॉक्टर रांगेत होते; त्यांत तिथलेच पदवीधरही आले, आणि त्यांचा संताप मला समजू शकतो. जुलै २०२५ च्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात सरकारने जाहीर केले की प्राधान्य ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना आणि आरोग्यसेवेत बराच काळ काम केलेल्यांना देणार. 'बराच काळ' म्हणजे नेमका किती, यावर आता त्या मुलीसारख्यांच्या रात्री जातात.

अमेरिकेची तऱ्हा थोडी निराळी. तिथे तुम्ही इकडे वीस वर्षे प्रॅक्टिस केली असली तरी बहुतेक राज्यांत रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते. त्या जागांचा बराचसा पैसा मेडिकेअर या सरकारी योजनेतून येतो, आणि १९९७ च्या एका कायद्याने त्या खर्चाला मर्यादा घातली. परीक्षेचा पहिला टप्पा जानेवारी २०२२ पासून नुसता पास-नापास झाला. ज्यांची सगळी भिस्त मोठ्या आकड्यावर होती त्या भारतीय मुलांना त्यामुळे शिफारसपत्रांच्या मागे अधिकच धावावे लागले. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये कायदा करून परदेशी अनुभवी डॉक्टरांना देखरेखीखाली काम करीत परवाना मिळवण्याची वाट काढली. काम करून दाखवा आणि मग सही घ्या, हा त्याचा अर्थ. मला तो रास्त वाटतो.

आणि आपण? रशिया, चीन, जॉर्जिया, युक्रेन इथे शिकून परत येणाऱ्या आपल्याच मुलांना आपण २००२ पासून परीक्षा घेतो. तिच्यात उत्तीर्ण होणारे बहुतेक वेळा एक तृतीयांशही नसतात. उत्तीर्ण झाल्यावर इंटर्नशिप हवी. तिच्यासाठी कॉलेजातल्या जागांचे साडेसात टक्के, एवढी मर्यादा २०२२ मध्ये ठरली. त्या जागेची वाट पाहत घरी बसलेली मुले मी पाहिली आहेत. इंग्लंडच्या दाराशी ताटकळणाऱ्या मुलाबद्दल हळहळणारे आपण, आपल्याच दाराशी बसलेल्याला 'बाहेरचा डॉक्टर' म्हणतो, तेही नाक मुरडून.

मित्राच्या मुलीला पाच महिन्यांनी नोकरी मिळाली. समुद्रकाठच्या एका गावात, वृद्धांच्या वॉर्डात. प्रशिक्षणाची जागा नव्हे, नुसती नोकरी. आता आजोबांच्या हाताला ती स्वतः सुई लावते. प्रशिक्षणासाठी लागणारा पात्रतेचा दाखला तिथल्या कन्सल्टंटने तिला दिला आहे, कारण त्याने तिचे काम रोज पाहिले. अर्ज गेला आहे.

गेल्या महिन्यात फोनवर बोलणे झाले. तिच्या वॉर्डात सुदानचा एक डॉक्टर अटॅचमेंटला आला आहे. वयाने तिच्यापेक्षा मोठा, मायदेशी वरिष्ठ पदावर असलेला. युद्धात रुग्णालयच उरले नाही. राउंडच्या वेळी तो सगळ्यांच्या मागे उभा असतो. एके दिवशी त्याने तिला विचारले, मला शिफारसपत्र द्याल का?

'मग दिलंस?' मी विचारले.

'माझी सही चालत नाही, काका. कन्सल्टंटचीच लागते. पण मी राउंडला मुद्दाम त्याला मोठ्यानं विचारते, तुम्हाला काय वाटतं म्हणून. म्हणजे त्यांच्या कानावर पडतं. परवा त्यांनी वळून पाहिलं. आता गुरुवारी एक केस त्याला मांडायला सांगितली आहे.'